माहेर, सासर आणि पाच-चार-तीन-दोन

“हॅलो?… हां निशा, बोल. …नाही गं, घरीच आहे अजून. बुधवाऱ्यातच. गाडी खाली उभी आहे, हे हॉर्न वाजवताहेत, ऐकू येतंय ना?… तो हॉर्न नाही, ती छोटी रडतेय. हॉर्न तिच्या मागे आहे. …बोल पटकन. काय मागतोय?… होस्ट?… म्हणजे तू परत ती लांबलचक ओळ टाइप करतेयस? अगं, आजपासून ती ओळ बंद, असं ठरलं होतं ना आपलं!”

प्रतिभाने मान वाकडी करून फोन खांद्यात दाबला आणि दोन्ही हातांनी छोटीच्या अंगात झबलं चढवायला घेतलं. आज छोटीचं जाऊळ. इच्छापूरला देवीच्या पायऱ्यांशी न्हावी सांगून ठेवलेला, मामा म्हणजे प्रतिभाचा भाऊ रितेश तिकडे परस्पर जाऊन बसलेला, आणि घरातून निघायची वेळ सासूबाईंच्या मते केव्हाच टळलेली. ती टाळणारी वस्तू एकच होती, आणि ती प्रतिभाच्या कानाला चिकटलेली होती.

लीलाधरशेठच्या केळीच्या पेढीवर कुठल्या गाडीत कुणाचे घड भरले आणि ती गाडी कुठल्या गावाला निघाली, हे सगळं ज्या डेटाबेसात राहतं, त्याची किल्ली प्रतिभाच्या डोक्यात होती. किल्ली म्हणजे हातभर लांब ओळ. सर्व्हरचा पत्ता, मग पोर्ट, मग युजरचं नाव, मग डेटाबेसचं नाव, आणि शेवटी पासवर्ड. छोटी झाली तशी प्रतिभा घरी बसली, तिच्या खुर्चीवर डोईफोडिया गावची निशा आली. खुर्ची गेली, ओळ मात्र प्रतिभाकडेच राहिली. जुना लॅपटॉप होता तोवर निशा वरच्या बाणाचं बटण दाबून कालचीच ओळ आज परत आणायची. तो लॅपटॉप मेला, नवा आला, आणि नव्याला कालचं काहीच आठवेना.

बारशालाही असंच झालं होतं. त्याचा व्हिडिओ आहे. बायका पाळण्याचं गाणं म्हणताहेत, आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकलीय, आणि मागून बाळाच्या आईचा खणखणीत आवाज येतो, “पोर्ट पाच चार तीन दोन!” सासूबाई, मालतीबाई, तो व्हिडिओ येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर दाखवायच्या. छोटीला मांडीवर उडवतानाही त्या तेच म्हणायच्या, पाच-चार-तीन-दोन, आणि ‘दोन’ला छोटी खिदळायची. प्रतिभाला हसू यायचं नाही. लेकीच्या कानात नाव पडलं तो क्षण तिने पाहिलाच नव्हता. आणि जाऊळ काही दोनदा काढत नाहीत. म्हणून आज पहिली बट पडेल तेव्हा आपला फोन बंद असेल, अशी तिने शपथ घेतली होती. देवीची नाही, सासूबाईंची. देवी एक वेळ माफ करते.

“ऐक. सुन मेरी बात. एक फाइल करायची, त्यात सगळं एकदाच लिहून ठेवायचं, आणि मग रोज फक्त एक नाव घ्यायचं. …हो, मोबाइलमध्ये नंबर सेव्ह करतो तस्संच. तू तुझ्या त्याचा नंबर पाठ केलायस का?… मग! कुठल्या नावाने सेव्ह केलायस?… काय? ‘गॅस एजन्सी’?… घरच्यांना कळू नये म्हणून? अगं बाई! इतकी हुशारी आहे तर थोडी इकडे वापर ना. …हां. नवी फाइल. नाव टिंबापासून सुरू कर. …टिंब गं, फुलस्टॉप. मग पीजी, खालची रेघ, सर्व्हिस, परत टिंब, सीओएनएफ. …सेव्ह केलीस? …दिसेनाशी झाली? होणारच. नाव टिंबापासून सुरू झालं की फाइल घुंगटात जाते. …आहे, तिथेच आहे, फक्त चारचौघांत तोंड दाखवत नाही. तू नावाने हाक मारलीस की येईल. …छोटी, पाय! पाय घाल, राणी… तुला नाही गं निशा, तू पाय कशाला घालतेस.”

खालून पुन्हा हॉर्न वाजला. तिचा नवरा अनंत शाळेत मास्तर होता, पण हॉर्न रिक्षावाल्यासारखा वाजवायचा.

“आलो, आलो!… तुला नाही. हां, आता चौकोनी कंसात पहिलं नाव लिही. माहेर. …इंग्रजी अक्षरांत गं. एम ए एच ई आर. त्याच्या खाली होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, एकेका ओळीवर. मग एक ओळ सोड आणि दुसरा कंस, सासर. …हस, हस. नवी नवरी होते तेव्हा माझ्या मशीनवर ठेवलीत ती नावं. शेठला अजून पत्ता नाही. …कारण दोन सर्व्हर आहेत ना आपले. एकाच्या पत्त्याच्या शेवटी दहा, दुसऱ्याच्या शेवटी वीस. एक खरा, एक ट्रायलचा. दोन्हीकडे डेटाबेसचं नाव ‘केळी’च, टेबलं तीच. आत शिरल्यावर कळतच नाही आपण कुठे उभे आहोत. म्हणून मी नावं अशी ठेवली, की टाइप करतानाच बोटं सांभाळून चालतात. म्हणजे बघ, सासरी आपण कसं —”

दारात मालतीबाई उभ्या होत्या. हातात नारळाची पिशवी, डोक्यावरून पदर, आणि चेहऱ्यावर काहीही नाही. केव्हापासून उभ्या होत्या ते पदरालाच माहीत.

“…सासरी आपण कसं… छान असतो. …हो. …काही नाही गं, छान असतो म्हणजे छान असतो! …पुढचं नावावरूनच कळतं. कुठला पत्ता कुठे ते तुला कळेल, तू काय लहान आहेस? …हां, तूच भर. …हो आई, चला, झालंच. …निशा, भर तू, मी फोन चालूच ठेवते.”

गाडीत मागच्या सीटवर तिघी बसल्या. एका खिडकीशी मालतीबाई, दुसऱ्या खिडकीशी प्रतिभा आणि मध्ये मांड्यांच्या सीमेवर छोटी, कधी या राज्यात, कधी त्या. बुऱ्हानपूर शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना केळीचे मळे लागले.

“झालं लिहून?… शाब्बास. माहेर आणि सासर, दोन्ही?… काही अडलं नाही ना?… बघ, मी म्हटलं होतं ना, नावावरूनच कळतं! …आता पासवर्डची दुसरी फाइल. तीही टिंबवाली. पीजीपास. त्यात एकेका सर्व्हरची एकेक ओळ. होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड, मध्ये एकावर एक दोन-दोन टिंबं. …पासवर्ड माहीत नाही?… रोज टाकतेस की!… अच्छा, रोज भिंतीवर बघून टाकतेस. बघ मग. शेठच्या गादीच्या वर, शुभ-लाभ लिहिलंय, त्याच्या खाली चिकटवलेला… अगं हळू! हळू वाच! मोठ्याने काय वाचतेस, आरती आहे का? …कोण उभं आहे खिडकीत?… दगा? दगा ड्रायव्हर? काय करतोय तो तिथे?… गाडी सोडायच्या चिठ्ठीसाठी थांबलाय, बिडी पीत. त्याची गाडी भरून उभी असेल. मग? त्याने ऐकलं ना सगळं!… काय म्हणाला?… ‘मॅडमजी, हे तर मला मागच्या दिवाळीपासून माहीत आहे’? …बरं. ठीक आहे. तू लिही.”

मालतीबाईंनी खिडकीबाहेर पाहत एवढंच विचारलं, की ज्या गोष्टीला कुलूप लावायला सुनेने अख्खी सकाळ घालवली, तिची किल्ली भिंतीवर लावलेली आहे का. प्रतिभाने ऐकू न आल्याचं केलं. सासूबाईंच्या शेजारी बसल्यावर एका कानाने बहिरं होणं ही तिची जुनी कला होती.

“हां निशा. लिहिलंस? आता बघू. पीएसक्यूएल, जागा सोड, सर्व्हिस, बरोबरचं चिन्ह, माहेर. बस्स. एवढंच. होस्ट नाही, पोर्ट नाही. …दाब एंटर. …काय झालं?… पासवर्ड मागतोय? …थांब, टाकू नकोस. वर काही लिहून आलंय का? वाच. …हं. …हं. ‘ही फाइल बाकीच्यांनाही वाचता येते’, असंच ना काहीतरी? …बरोबर आहे त्याचं. पासवर्डची फाइल उघडी असली की तो ती वाचतच नाही. बघतसुद्धा नाही तिच्याकडे. …हो ना! शेठपेक्षा अक्कल आहे त्याला. आमच्या गल्लीत हा नियम आला ना, तर अर्ध्या बायकांना दुपारी बोलायला काही उरणार नाही. …आई, मी तुमच्याबद्दल नाही बोलत. …नाही हो. …समोरच्या घरातल्यांबद्दल. …हां निशा, लिही. सीएचमॉड, जागा, सहा शून्य शून्य, जागा, फाइलचं नाव. म्हणजे आता ती तू सोडून कुणी वाचू शकत नाही. …दगा? दगाला पाठच आहे, त्याचं काय करणार.”

तेवढ्यात आवाज तुटला. फोनने टुणकन वाजून महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे अशा अर्थाचं काहीसं दाखवलं, मग परत मध्य प्रदेशात आणलं. फोनलासुद्धा धड एका घरी राहवत नव्हतं.

“हॅलो? …हॅलो, निशा? …हां, आला आवाज. इच्छापूर आलं ना, इथे नेटवर्क सीमेवर ये-जा करतं. …परत टाक. सर्व्हिस बरोबर माहेर. …काय? …गेली? गेली आत? पासवर्ड न विचारता?… अगं ओरडू नकोस, कानात ओरडतेयस! …बघितलंस? एका शब्दात! …अहो, गेली ती आत! एका शब्दात!”

अनंतने पुढच्या आरशातून पाहिलं आणि कोण आत गेली हे न कळताही अभिनंदन केलं. नवरा म्हणून त्याला एवढं जमत होतं.

प्रतिभाला हलकं वाटलं. आणि मग त्या हलकेपणाच्या तळाशी काहीतरी बारीक टोचलं. आता निशा फोन करणार नाही. कुणीच करणार नाही. पेढीवर एक नाव टाइप झालं की सगळं उघडेल, आणि त्या नावामागे कोण बसली होती हे शेठही दोन महिन्यांत विसरतील. आपली गरज आपणच आपल्या हाताने मिटवायची, आणि वर शाब्बास म्हणायचं.

पायऱ्यांशी रितेश सतरंजीवर मांडी घालून बसला होता. भाचीला घ्यायला त्याने हात पुढे केले. जाऊळ मामाच्या मांडीवरच उतरायचं, हा रिवाज. घर सासरचं, बाळ सासरचं, नवस सासरचा, पण मांडी माहेरची लागते. न्हावी वस्तरा पुसत होता. मालतीबाई केस झेलायला नवं फडकं उलगडत होत्या.

“निशा, ऐक, आता शेवटचं. मी ठेवतेय हं. आजपासून झाडलोटही तूच करायची, इतके दिवस मी घरून करायचे. रोज आधी माहेरात जायचं आणि गाड्यांच्या टेबलातलं सगळं पुसायचं. दुपारी नवे मुनीम बसतात ना तिथे. मग सासरी जायचं आणि चिठ्ठ्या काढायच्या. …हो, सगळं. …सगळं म्हणजे सगळं. …नक्की म्हणजे काय? …अगं घाबरतेस काय एवढी, माहेरच तर आहे! बिनधास्त पुस. …लिहिलीस ओळ? डिलीट फ्रॉम गाडी. …अजून एंटर दाबला नाहीस? कमाल आहे बाई तुझी.”

ठेवणारच होती ती. अंगठा लाल बटणावर होता. पण प्रतिभाच्या स्वभावाला एक खोड होती. गॅस बंद केला तरी ती स्वयंपाकघरात परत जाऊन बघायची, छोटी झोपली तरी नाकाशी बोट धरायची.

“…थांब. एंटर नको दाबूस. पुसायच्या आधी काय काय आहे ते दोन-चार नावं वाच बरं सहज. …हं. …हं. …काय? परत वाच. …दगा? …निशा, दगा माहेरात कसा आला? …अगं, दगा खराखुरा माणूस आहे! मघाशी खिडकीत उभा होता ना, बिडी पीत! …हात! हात वर कर! कीबोर्डवरून दोन्ही हात वर! …केलेस? …मग फोन कशाने धरलायस? …स्पीकरवर आहे? सगळे ड्रायव्हर ऐकताहेत? …ऐकू देत. हात खाली आणू नकोस.”

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. कुणाचे हात वर आहेत हे त्याला कळेना, म्हणून त्याने खबरदारी म्हणून स्वतःचे खाली घेतले.

“आता सावकाश सांग. माहेराच्या खाली कुठला पत्ता लिहिलास? …दहा. आणि सासरच्या खाली वीस. …उलटं गं! अगं दहा खरा! भरलेल्या गाड्या सगळ्या त्यात आहेत, पुसल्या असत्यास तर मंडईतून एक गाडी हलली नसती. केळी उन्हात काळी पडली असती. …दहा खरा आहे हे तुला माहीत नव्हतं? …माहीत होतं. मग? …मग असं का लिहिलंस? …रडू नकोस, सांग. …काय? …काय म्हणालीस?”

प्रतिभाने फोन कानापासून जरा लांब केला, जणू त्यातून निघालेलं वाक्य बघून घ्यावं. मग ती ते वाक्य जसंच्या तसं, मोठ्याने म्हणाली. कारण ते तिच्या डोक्यात बसत नव्हतं.

“‘खरं घर तर माहेरच ना, ताई? सासर म्हणजे जमलं तर जमलं, ट्रायलच’?”

रितेश छोटीच्या टाळूकडे बघायला लागला. अनंत नारळाची शेंडी निरखू लागला. मालतीबाईंचं फडकं अर्धं उलगडून तसंच राहिलं.

आता समजावून सांगायला हवं होतं. सकाळी दारात गिळलेलं वाक्य आता सासूबाईंच्या समोर, देवीच्या समोर, न्हाव्याच्या समोर बाहेर काढायला हवं होतं. एकीकडे शेठची केळी, दुसरीकडे स्वतःचं तोंड. दोन्ही वाचणार नव्हती. प्रतिभाने केळी वाचवली.

“ऐक. खरं-खोटं बाजूला ठेव. …हो, तुझं चूक नाही, मीच सांगितलं नाही तुला. सकाळी सांगत होते, पण… ते जाऊ दे. खरं घर कुठलं ते बघायचं नाही. चुकलं तर काय होतं ते बघायचं. माहेरात चुकलं की संध्याकाळी विसरतात. सांडलं, जळलं, पुसलं गेलं, काही नाही, पोर आहे. सासरी चुकलं की… सासरी चुकलं की त्याचा व्हिडिओ होतो. …हो. आल्या-गेल्याला दाखवतात. चहाबरोबर. …म्हणून, जिथली चूक पुसता येत नाही, ते सासर. ते दहा. आणि जिथे नवे मुनीम शिकतात, रोज सगळं पुसून नवं मांडता येतं, ते माहेर. ते वीस. …समजलं ना? …आता हात खाली घे. आधी ती पुसायची ओळ खोड. बाहेर ये. फाइल उघड, दहाच्या जागी वीस, विसाच्या जागी दहा. …केलंस? सेव्ह? …आता माहेर. आत गेलीस? नावं वाच. …टेस्टशेठ. अबक ड्रायव्हर. …हां, हे आपलं माहेर! …आता पुस. …आता सासर. बघ, दगा आहे ना? …आहे. चिठ्ठ्या काढ. …निघाल्या? …दगाच्या हातात दिलीस? …गेला? देवी पावली गं बाई.”

सगळं झालं होतं. तरी फोन कानालाच होता.

“निशा, एकदा परत बघ, माहेर लिहिलं की वीसच येतं ना? …येतं. …आणि ती फाइल सहाशेच आहे ना? …आहे. …आणि सासरी पुसायची ओळ चुकूनही नको हं. …मला माहीत आहे तुला माहीत आहे. तरी एकदा… नको, परत बाहेर येऊन परत जा बरं. मी थांबते. …नाही, घाई नाही. …अजून काही विचारायचं असेल तर आत्ताच विचार. …काही नाही? …नक्की काहीच नाही? …बघ हं, मग मला —”

फोन हातातून गेला. हिसकावून नाही, छोटीच्या हातातून चमचा काढून घेतात तसा हळूच. मालतीबाईंनी तो उलटा धरला, मग सुलटा केला.

“हॅलो. कोण, निशा का? …मी सासर बोलून राहिली. …हो हो, तेच. दहा नंबरवालं. …अगं घाबरते कायले? …वाचलं ना समदं दोनदा? गाड्या गेल्या ना? …मग आता हिले काय विचारायचं राह्यलं? …तू नाही, हीच विचारून राहिली? मले माहीत आहे. तिची सवयच आहे. झोपल्या लेकराच्या नाकाशी बोट लावते ती. …आता सांजेपर्यंत फोन करू नको. …चुकलं तर? चुकलं तर चुकलं. उद्या ती येऊन निस्तरेल. तिच्याबिगर कोणाले येतं ते? …काय? …व्हिडिओ?”

मालतीबाईंनी एकदा प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभाला वाटलं, आता पायऱ्यांनी तोंड उघडून आपल्याला गिळावं.

“…तो व्हिडिओ, पोरी, मी तिचं हसं करायले दाखवते असं वाटते का तिले? …पाळण्याजवळ बसून बुऱ्हानपूरच्या गाड्या हाकते, अशी सून बुधवाऱ्यात दुसरी दाखव मले. …मी नाही सांगत तिले. कायले सांगू? डोक्यावर बसेल. …आणि ऐक. तो तुझा गॅस एजन्सीवाला. …मले कसं माहीत? दारात उभी होती ना मी. त्याले सांग, लग्नाच्या आधी सासू दाखव म्हणा. ट्रायलले. …हास, हास. ठेव आता. …नाही, आधी तू ठेव, मले हे बटन समजत नाही.”

फोन बंद झाला. मालतीबाईंनी तो कमरेला खोचला, वरून पदर घेतला आणि फडकं पुरतं उलगडलं. दगाला पाठ नसलेली ही या मुलुखातली एकमेव जागा असावी.

न्हाव्याने वस्तरा उचलला तशी छोटीने ओठ काढले. रितेशने मांडी हलवली, अनंतने चुटकी वाजवली, कशानेच काही होईना. तेव्हा मालतीबाई वाकल्या आणि तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, पाच… चार… तीन…

त्या मुद्दाम थांबल्या. प्रतिभाचे दोन्ही हात रिकामे होते. ती पुढे झाली, तिने लेकीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, आणि म्हणाली,

“दोन!”

छोटी खिदळली. पहिली बट सासूच्या फडक्यात पडली, आणि ती प्रतिभाने पडताना पाहिली.